प्रस्थान कपाटात, विमान पडद्यावर

असे किस्से कुणी गोळा करत नाही. ते साचतात. पूर्वी विमानाची तिकिटं हातानं लिहायची, त्यांच्या पानांमागे लाल कार्बन असायचा. दिवसभर तिकिटं लिहिली की तो बोटांना लागायचा. घरी येऊन साबणानं घासलं तरी नखांत थोडा उरायचाच, आणि कणीक मळताना दिसायचा. किस्स्यांचं तसंच. नोकरी सुटून किती वर्षं झाली, अजून निघतायत!

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी बनारसला गोदौलियाजवळच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत काउंटरवर बसत असे. मालक गुप्ताजी. आधी त्यांचा धंदा रेल्वेची रिझर्व्हेशनं आणि तीर्थयात्रेच्या बसेस एवढाच. मग एके दिवशी त्यांनी कॉम्प्युटर आणला, टेलिफोनला मोडेम जोडलं आणि जिन्याखाली पाटी लावली : 'यहाँ इंटरनेट से सस्ती हवाई टिकट खोजी जाती है।'

खोजणार कोण? मी!

कुठून, कुठे, कधी ते पडद्यावर भरायचं. मोडेम किंचाळायचं. पान इंचाइंचानं खाली उतरायचं, तेवढ्यात चहा पिऊन व्हायचा आणि बरेचदा लाइटही जायची. नशिबानं सगळं जुळलंच तर भाड्यांची यादी यायची, सगळ्यात स्वस्त सगळ्यात वर. पण ते तिकीट तिथे विकत घेता यायचं नाही! भाव बघून दिल्लीच्या एजंटला एसटीडी लावायची. लाइन लागेपर्यंत तो भाव गेलेला.

गुप्ताजींना त्याचं काही वाटायचं नाही. गिऱ्हाईक वैतागलं की पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत म्हणायचे, "भइया, दर्शन यहाँ होता है। प्रसाद दिल्ली में मिलता है।"

* * *

आमचे सगळ्यात चिकाटीचे गिऱ्हाईक म्हणजे मुळे गुरुजी. रामघाटावर आमच्या गल्लीतच राहायचे, वेदपाठशाळेत शिकवायचे. त्यांची एकुलती एक मुलगी वृंदा, माझी लहानपणची मैत्रीण, लग्न होऊन अमेरिकेला गेली होती. आता तिला दिवस गेले होते. मार्गशीर्षात बाळंत होणार होती आणि त्याआधी मुळेकाकूंना तिच्याजवळ पोचायचं होतं. पासपोर्ट झाला, दिल्लीला जाऊन व्हिसा झाला. राहिलं फक्त तिकीट.

"घाई नाही," गुरुजी म्हणाले. "तुझं ते यंत्र आहे ना? स्वस्तातलं दिसलं की सांग."

श्रावणात पहिलं स्वस्त तिकीट दिसलं. सहा महिन्यांच्या मुक्कामाचं, चांगलं निम्म्या भावात! मी लगेच पाठशाळेत निरोप पाठवला. गुरुजी आले, चष्मा लावून पडद्यात वाकले.

"परत केव्हा?"

"सहा महिन्यांनी, गुरुजी. वैशाखाच्या आसपास."

गुरुजींनी पिशवीतून पंचांग काढलं, बोट फिरवलं.

"जायच्या दिवशी अमावास्या आहे. दुसरं बघ."

* * *

मधल्या काळात जग थांबलं नव्हतं. चौकातले एक साडीवाले सेठ मुलाला सिंगापूरला पाठवायला निघाले होते. मी शोधून काढलं, मॉनिटर त्यांच्याकडे वळवला.

सेठ हसले. "अब ठीक-ठीक बताइए।"

"सेठजी, यही भाव है।"

"अरे मैडम, ये तो गाहक को दिखाने वाला भाव हुआ। हम भी दिखाते हैं!"

मग ते उठले आणि जिन्याकडे चालू लागले. साडीच्या दुकानात गिऱ्हाईक असंच उठतं, आणि तिसऱ्या पायरीवर पोचलं की दुकानदार हाक मारतो. सेठ पायरीवर थांबले. मी हाक मारली नाही. कुणाला मारायची? ते आणखी एक पायरी उतरले. वाकून वर बघितलं. शेवटी आपणच परत आले.

तोवर पान पुन्हा उघडलं होतं आणि भाडं वाढलं होतं.

सेठनी पडद्याकडे बघितलं. मग पहिल्यांदाच आदरानं मान हलवून म्हणाले, "ई तो हमसे भी पुराना दुकानदार निकला!"

* * *

आमच्या रामघाटावर तेव्हा अजून प्रस्थान ठेवायचे. प्रवासाचा दिवस चांगला नसेल तर त्याआधीच्या शुभ मुहूर्तावर तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस त्या मुहूर्तावर निघाला, असंच धरतात. प्रत्यक्ष जाताना ते गाठोडं उचलून पुढे जायचं.

गणपती झाल्यावर गुरुजी एका सकाळी काकूंना घेऊन ऑफिसात आले. काकूंच्या हातात खणाचं गाठोडं.

"शेजारी ठेवलं की शेजारचे रोज विचारतात, अजून गेल्या नाहीत का? तुझ्याकडे बरं. तिकीट इथे, प्रस्थान इथे."

मी ते लोखंडी कपाटात ठेवलं. गुरुजींनी पाठशाळेतल्यासारखं बजावलं, "आणि लक्षात ठेव, एकदा बाहेर पडलेलं प्रस्थान परत घरात न्यायचं नाही. निघालं म्हणजे निघालं."

काकू हळूच म्हणाल्या, "कुंदे, उंदीर नाहीत ना ग? आत झबलं आहे. आणि डिंकाचे लाडू."

प्रस्थान ठेवल्यावर काही दिवसांत निघावं लागतं, नाहीतर मुहूर्त वाया जातो. तो गेला. पुढच्या मुहूर्ताचं दुसरं गाठोडं आलं. त्यात लोकरीचं टोपडं होतं, कारण आता तिकडे थंडी पडणार होती. लाडू टिकेनात, म्हणून काकूंच्याच सांगण्यावरून आम्ही खाल्ले. बाळंतिणीचे लाडू खाऊन गुप्ताजींची कंबरदुखी गेली! पुढे बातमी पसरली आणि घाटावरची इतर मंडळीही आपापली प्रस्थानं आमच्याकडे आणून ठेवू लागली. एकदा कपाट उघडताच गुप्ताजींच्या पायावर तांदूळ सांडले.

"दीदी," ते कपाळाला हात लावून म्हणाले, "ई एजेंसी है कि पंसारी की दुकान?"

* * *

विद्यापीठात नागपूरकडचे एक प्रोफेसर होते. त्यांना जर्मनीत परिसंवादाला जायचं होतं. यादीतली सगळ्यात वरची ओळ सोडून दुसरं काही बघायलाच तयार नाहीत.

"सर, हे मध्य आशियात दोनदा थांबतं."

"थांबू द्या. मला कुठे पळून जायचंय?"

परत आल्यावर पेढे घेऊन आले. मी विचारलं, "कसं झालं सगळं?"

"छानच. फक्त माझा निबंध होता त्या दिवशी मी पोचलो नाही."

"अरे देवा! मग?"

"मग काय, त्या विमानतळावर बाकावर शेजारी एक फरची टोपीवाला म्हातारा होता. त्यालाच पूर्ण वाचून दाखवला."

"त्याला कळला?"

"काही कळला नसावा. पण टाळ्या वाजवल्या हो त्यानं! तिकडे वाजल्या असत्या की नाही, सांगता येत नाही."

* * *

आता गुरुजी जवळजवळ रोज येत होते. रोज यादी बघून बघून त्यांचा एक सिद्धान्त तयार झाला : ज्या दिवशी मुहूर्त वाईट, त्या दिवशी भाडं स्वस्त. लोक अशुभ दिवशी निघत नाहीत, विमानं रिकामी जातात, भाव पडतो. एकदोनदा योगायोगानं तसं दिसलंही. झालं! गुप्ताजींनी मॉनिटरच्या वर खिळा ठोकून पंचांगच टांगलं. गिऱ्हाईक आलं की आधी पतरा, म्हणजे पंचांग, मग इंटरनेट.

गल्लीतल्या बँकवाल्या देशपांड्यांचे मुंबईचे भाऊ वडिलांच्या श्राद्धाला येणार होते. गुरुजी म्हणाले, "थांबा. पितृपक्षात कोण प्रवासाला निघतं? भाडं कोसळणार बघा."

देशपांडे थांबले. आणि पितृपक्ष लागताच बनारसला येणारी विमानं ओसंडून गेली. पितृपक्षात सगळी दुनिया काशीलाच येते, हे दिवसभर श्राद्धं सांगणाऱ्या गुरुजींच्याच लक्षात आलं नव्हतं!

देशपांडे जिना चढून आले ते ओरडतच. "ताई, सगळ्या मुंबईचे पितर विमानानं आले आणि माझा भाऊ दादरला प्लॅटफॉर्मवर उभा आहे!"

गुरुजी तिथेच बसले होते. पंचांग मिटून शांतपणे म्हणाले, "भाव चुकला. तिथी चुकली नाही."

त्याच दिवशी मी त्यांच्यासाठी आणखी एक स्वस्त तिकीट शोधून ठेवलं होतं. पुन्हा सहा महिन्यांचं. दिवस तर दशमीचा, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. गुरुजींनी बघितलं. "परत केव्हा?" म्हणाले. मी सांगितलं. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"हे विमान वाटेत फार वेळ थांबतं. तिला झेपायचं नाही. दुसरं बघ."

मी पंचांगाकडे बघितलं, देवाकडे बघितलं आणि पुन्हा मोडेम लावलं.

* * *

सगळ्यांना वाटायचं, मी फुकट विमानातून हिंडते. दिवाळीत पुण्याला मावशीकडे गेले ती नेहमीसारखी रेल्वेनं, अंग आंबवून. मावशी दारातच म्हणाली, "विमानाच्या ऑफिसात काम करतेस आणि गाडीनं आलीस? इतका कंजूषपणा बरा नव्हे!"

जेवताना तिनं विचारलं, "वरून कशी ग दिसते काशी? गंगा अगदी चंद्रकोरीसारखी दिसते म्हणतात."

मी तोवर विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. पण ते समजावून सांगायचा इतका कंटाळा आला होता, की म्हटलं, "दिसते."

"आणि आपला रामघाट?"

"तोही दिसतो. मुळे गुरुजी पंचांग घेऊन बसलेले असतात."

* * *

पुण्याहून परतले तर काकू अजून बनारसलाच! मला धक्काच बसला. कपाटात तिसरं गाठोडं आलं होतं. एका दुपारी काकू एकट्याच आल्या. पहिल्यांदाच एकट्या. पाणी प्यायल्या आणि मॉनिटरकडे न बघता म्हणाल्या, "कुंदे, खरं सांग. तिकीट मिळतच नाही का ग?"

माझ्यानं खोटं बोलवेना. "मिळतं, काकू. दर आठवड्याला मिळतं."

"मग?"

"गुरुजींना कधी दिवस पटत नाही, कधी विमान."

काकू पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "वृंदाच्या वेळी माझी आई इंदूरहून येऊ शकली नव्हती. एकटीनं काढलं ते सगळं. कुणी डोक्यावरून हात फिरवायलाही नव्हतं. पोरीला तसं नको ग." उठताना त्यांनी विचारलं, "ह्यांनी आता पुढचा मुहूर्त कधीचा काढलाय?"

"कार्तिकी पौर्णिमेनंतरचा. सकाळचा."

"बरं," काकू म्हणाल्या.

त्या सकाळी मी जिना चढून वर आले, तर बाकावर काकू बसलेल्या. इरकली नेसलेली, पायांत मोजे, अंगावर शाल, शेजारी नवी कोरी बॅग आणि झाकणाचा पाण्याचा तांब्या. गुप्ताजी कोपऱ्यात पान न खाता उभे. हे मी कधी पाहिलं नव्हतं.

"काकू! हे काय?"

"प्रस्थान," काकू म्हणाल्या. "सुपारी किती वेळा पाठवायची? या वेळी मीच आले. तुझ्या कपाटात जागा नसेल म्हणून बाकावर बसलेय."

थोड्या वेळानं गुरुजी धापा टाकत जिना चढून आले. उपरणं एका खांद्यावरून ओघळलेलं. मी त्यांना पाठशाळेच्या वेळात घाटावरून असे धावत येताना कधी बघितलं नव्हतं.

"अगं, हे काय मांडलंयस? चल घरी."

"अहो, बाहेर पडलेलं प्रस्थान परत घरात नेतात का?"

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, गुप्ताजींकडे बघितलं. गुप्ताजींनी हात जोडले. "गुरुजी, नियम तो आप ही का बताया हुआ है।"

"मी काही तुमच्यावर रागावून आले नाही," काकू म्हणाल्या. आवाज अगदी मऊ होता. "डबे भरून ठेवलेत. भाजणी चुलीशेजारच्या बरणीत आहे. पण मला पोरीकडे जायचंय हो."

गुरुजी त्यांच्या शेजारी बाकावर बसले. दोघांच्या मध्ये तो तांब्या. खालून रिक्षांच्या घंट्या ऐकू येत होत्या. मी उगीच कपाट उघडलं, तिन्ही गाठोडी काढून काकूंच्या बॅगेशेजारी ठेवली. मग खुर्चीत बसले आणि विचारलं, "गुरुजी, कधीचं बघू? स्वस्तातलं पुढच्या आठवड्यात..."

"आजचं बघ," गुरुजी म्हणाले.

मोडेम किंचाळलं. पान उतरू लागलं. काकू खाली वाकून गाठोड्यांच्या गाठी तपासत होत्या. तेवढ्यात गुरुजी उठले, काउंटर ओलांडून माझ्या खुर्चीमागे आले, आणि काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले,

"कुंदा, परतीचं आधी काढ. लवकरात लवकरचं. महाग असलं तरी चालेल."