बालीच्या किनाऱ्यावरचा पिवळा परकर

हे बघा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर मी चहा ओतत असेन आणि तुमच्या खिदळण्याने माझा हात हलला, तर नव्या टेबलक्लॉथची वाट लागेल. तीस वर्षं बँकेत कॅशवर बसलेली बाई मी! खोटी नोट नुसत्या बोटांनी ओळखायचे. पण परदेशात जाऊन अशी माती खाल्ली, की कसबा पेठेतल्या बायका अजून मला बघून तोंडाला पदर लावतात.

झालं असं, की बँकेत कॉम्प्युटर आले आणि मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याच कॉम्प्युटरांनी आमच्या मुलाला, मंदारला, हिंजवडीत नोकरी दिली. पठ्ठ्याने पहिल्याच बोनसमध्ये आम्हा दोघांची बालीची सहल बुक केली! समुद्र, नारळाची झाडं, सहा दिवस नुसता आराम. मला रडूच आलं हो. पण रडतानासुद्धा डोक्यात एकच: पैसे ठेवायचे कुठे?

कारण जो येईल तो घाबरवून जात होता. म्हणे तिथे नोटा बदलून देणारे हातचलाखी करतात. किनाऱ्यावरचे विक्रेते गळ्यात पडतात, भेट म्हणून हातात काहीतरी कोंबतात आणि मग दाम मागतात. म्हटलं, मला फसवणारा अजून जन्माला यायचाय! पिवळ्या परकराला आतून खिसा शिवला, सगळे डॉलर त्यात घातले आणि वरून दोन सेफ्टी पिना लावल्या. पैसे काढायचे तर बाथरूम गाठावं लागणार, पण चोराच्या बापालाही पत्ता लागणार नाही.

तिजोरी कमरेला बांधून सुखरूप बालीला पोचलो. खोलीवर गेल्यावर थोडे पैसे पर्समध्ये काढले, पुन्हा पिना लावल्या. आणि तेवढ्यात टेबलावरचा कागद दिसला. रोज दोन कपडे फुकट धुऊन मिळतील!

आता सांगा, पुण्याचा माणूस हे सोडेल? ह्यांचा एक शर्ट झाला. दुसरं काय द्यायचं? दिवसभराच्या प्रवासात घामाने भिजलेला परकर समोरच पडला होता. कोंबला पिशवीत, पिशवी ठेवली दाराबाहेर, आणि मी आडवी झाले ती थेट सकाळी उठले.

सकाळी मुलाने हट्टाने घेऊन दिलेला पंजाबी ड्रेस घातला आणि निघालो. समुद्र हॉटेलच्या समोरच. आमच्या सहलीतल्या पुण्याच्या आठ बायका झाडाखाली जमल्या. मी लगेच शिकवणी सुरू केली.

"कुणी काही पुढे केलं, तर हातात घ्यायचं नाही. हात लावला, की गळ्यात पडलंच समजा."

"कुलकर्णीबाई, तुम्ही आहात म्हणून निर्धास्त वाटतं बघा," विश्रांतवाडीच्या भालेरावबाई म्हणाल्या. मी आणखीच फुगले.

एवढ्यात एक बाई वाळूतून पळत आली. माझ्याच वयाची, फुलाफुलांचं कापड नेसलेली, हातात घडी केलेलं पिवळं कापड. तिथल्या विक्रेत्या बायका असंच कापड हातावर टाकून फिरतात.

"मॅडम! युवर्स! युवर्स!"

"बघा," मी बायकांना म्हटलं, "ही सुरुवात."

तिने कापड माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतले. हे शेजारून म्हणाले, "अगं, रंग छान आहे. तुझ्या त्या परकरासारखाच."

"अहो, काहीतरीच काय! माझा परकर असा आहे? कापड बघा किती विटलंय. नाडी तर मळकट! आणि शिवण? एवढी गबाळी शिवण आमच्या पेठेत कुणी फुकटसुद्धा नेणार नाही!"

बायका हसल्या. ती बाई बिचारी हातवारे करत कापडाच्या आत बोट दाखवायला लागली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, मनी! मनी!"

"आली का नाही शेवटी पैशावर?" मी विजयाने ओरडले. "नो मनी! गो, गो!"

ती कपाळाला हात लावून निघून गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या आनंदात सगळ्यांना नारळपाणी पाजलं. पैसे द्यायला पर्स उघडली, तर पैसे कमी पडत होते.

"थांबा हं, मी जरा बाथरूमला जाऊन येते," मी सवयीने म्हटलं.

बाथरूममध्ये गेले. हात कमरेला गेला. तिथे होती पंजाबी ड्रेसची सलवार!

अहो, परकर तर रात्री मीच धुवायच्या पिशवीत कोंबला होता! परका देश, सहा दिवस काढायचे, मुलाच्या पहिल्या बोनसचे पैसे, आणि ते मी स्वतः, आठ बायकांच्या साक्षीने, हाकलून दिलेले! आयुष्यात कधी पळाले नसेन एवढी हॉटेलकडे पळाले. मागून हे, त्यांच्यामागे आठ बायका, आणि सगळ्यात मागे पैशांसाठी नारळवाला.

काउंटरपाशी ती बाई उभी होती. हॉटेलच्या धुलाईतली! पिवळा परकर पोटाशी धरलेला, दोन्ही पिना जशाच्या तशा. माझा जीव भांड्यात पडला. तिच्या पायाच पडावंसं वाटलं.

"माझा आहे, माझा आहे!" मी हात पुढे केला.

तिने परकर पाठीमागे लपवला आणि भराभर काहीतरी बोलली. आमचा टूर मॅनेजर घाम पुसत म्हणाला, "काकू, ती म्हणतेय, मघाशी मॅडमनी सगळ्यांसमोर नको म्हणून सांगितलं. आता आत पैसे आहेत म्हटल्यावर ती कुणाच्याही हातात देणार नाही."

"अहो, तुम्ही सांगा ना!" मी बायकांकडे वळले.

"आम्ही काय सांगणार?" भालेरावबाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, माझा नाही."

हे तर छताकडे बघत होते!

"काकू, ती म्हणतेय, परकर तुमचाच असेल तर खूण सांगा."

आता काय करता! मान खाली घातली आणि जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "कापड विटलेलं. नाडी मळकट. शिवण गबाळी."

टूर मॅनेजरने भाषांतर केलं. त्या बाईने परकर उलटा केला, कापड निरखलं, नाडी बघितली, शिवणीवरून बोट फिरवलं, आणि समाधानाने मान डोलावून तो माझ्या हातात दिला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, शंकाच नाही, ह्यांचाच आहे!"