वाट्याला आलेले कोंबडे

सासूबाईंनी शेवटच्या दिवाळीला लेकीसोबत एक कबरी कोंबडी धाडली होती. पुढे त्या गेल्या, कोंबडी राहिली. बायको तिला ना विकू देई, ना कापू देई. एका दुपारी मुंगसाने ती नेली आणि टोपलीत तिची अंडी तेवढी उरली.

शेजारच्या खालांची कोंबडी तेव्हा नेमकी खुडूक होऊन बसली होती आणि त्यांच्याकडे अंडी नव्हती. आमच्या जानेफळात अशा वेळचा सौदा ठरलेला असतो. अंडी एकाची, उबवणारी कोंबडी दुसऱ्याची, पिल्ले जरा मोठी झाली की अर्धी अर्धी. बायकोचे मागणे एवढेच होते, की आपल्या वाट्याला एक तरी तलंग यावी. तरणी मादी घरात आली की आईच्या कोंबडीचा वंश चालू राहणार होता.

वाटणीच्या दिवशी खाला म्हणाल्या, "भाऊ, अंडे तुमचे होते, पयले तुमी निवडा."

इथे मी बायकोला पुढे करायला हवे होते. पण गप्प बसणे माझ्या कुंडलीत नाही. मोबाइलवर मी नुकताच एक व्हिडिओ पाहिला होता. पिल्लांवर टोपी फेकायची. ताठ उभे राहून बघेल तो कोंबडा, दबकून बसेल ती कोंबडी. मी डोक्यावरची टोपी काढून फेकली. पहिल्यांदा ती खालांच्या हौदात पडली. ओली टोपी पिळून पुन्हा फेकली, पुन्हा फेकली. शेवटी दमून तीन पिल्ले खाली बसली. मी ती उचलली.

"त्या कबरीले घ्या ना," बायको म्हणाली. "तुरा पहा तिचा, अजून फिकाच हाय."

"ताठ उभी होती. कोंबडा हाय तो," मी निकाल दिला.

महिनाभरात माझ्या तिन्ही तलंगांचे तुरे लालभडक झाले. मी म्हणालो, उन्हाने. पाय जाड झाले. मी म्हणालो, सुखी घरच्या पोरी अशाच असतात. मग चिखलीहून साडू आला. मी त्याला नर-मादी कशी ओळखायची ते समजावत होतो, तेवढ्यात माझी लाडकी तलंग ओट्यावर चढली, मान ताणली आणि फाटक्या आवाजात आरवली.

"घसा बसला असंन," मी म्हणालो.

साडू खाटेवर लोळून हसला. आठवड्यात बाकीच्या दोघींचेही घसे बसले.

बायको हसली नाही. साडू गेल्यावर म्हणाली, "माह्या मायची तेवढी एक निशाणी होती. तुमी टोपीनं उडवली." मला फार वाईट वाटले. सगळी हुशारी नको तिथे पाजळली होती. कबरी बदलून मागावी म्हणून मी खालांच्या दारात गेलो आणि उगाच डोक्यावरची टोपी सारखी करत उभा राहिलो. कबरी अंगणात दाणे टिपत होती, हुबेहूब जुनीसारखी.

"आरवणं ऐकूनच राह्यली होती मी, भाऊ," खालाच म्हणाल्या. "वहिनीच्या मायची कोंबडी माह्या घरी काऊन राहीन? घेऊन जा. बदल्यात एक कोंबडा द्या. पण निवडीन मी. तुमी टोपी डोक्यावरच राहू द्या."

कबरी आता अंड्यावर आली आहे. पहिले अंडे बायकोने ओंजळीत धरून मला दाखवले, हातात मात्र दिले नाही. तिचे डोळे भरले होते. तिला बरे वाटावे म्हणून मी म्हणालो, "पाहजो तू, ह्यातून तलंगच निघंन."

तिने झटकन ओंजळीवर पदर घातला.

"हळू बोला," ती म्हणाली. "त्यानं ऐकलं त कोंबडा होईन."