बारशाच्या दिवशी झरा गढूळला

नातीच्या बारशाच्या दिवशी मी देवावर रुसले होते. बरीच वर्षं वाट पाहून माझ्या मुलीच्या, सुनीताच्या कुशीत लेक आली होती. आठवडाभर कोसळणारा पाऊस थांबून अकोले तालुक्यातल्या आमच्या डोंगरवाडीवर लख्ख ऊन पडलं होतं. आणि नेमका तेव्हाच घरामागचा झरा गढूळला. खंडोबाच्या अभिषेकाला मी त्याचंच पाणी नेते. ऐन पावसातही नितळ असणारं ते पाणी त्या सकाळी चहासारखं लाल होतं. परसात तर कधी नव्हे ते जमिनीतून पाणी वर येत होतं. ‘देवा, आजच का रे?’ म्हणत मी तिथेच बसले.

तेवढ्यात पायवाटेनं एक अनोळखी बाई आल्या. डोंगरापलीकडून खंडोबाच्या दर्शनाला निघाल्या होत्या, प्यायला पाणी हवं होतं. मी लाल पाण्यानं भरलेला हंडा दाखवून नातीच्या बारशाचं रडगाणं गायले. त्यांनी वरच्या चढाकडे पाहिलं.

“आमच्या वाडीतबी असंच झाल्तं,” त्या म्हणाल्या. “पाऊस उघडला म्हनून आमी निवांत. पन मुरल्यालं पानी डोंगराच्या पोटात हुतं. माती फुगून सुटली, समदा उतार खाली आला. बाई, बाळाला घेऊन निघा.”

घरात पुरण शिजत होतं, पाहुणे जमले होते. ह्यांनी परसात जाऊन पाहिलं, तर वर चढाला लांब भेग पडलेली. परत येऊन म्हणाले, “बारसं देवळात करू. खंडोबा कातळावर बसलाय, तो काय हलायचा न्हाई.”

मग काय, पाळणा जावयांच्या डोक्यावर, पुरणाचं पातेलं दोघांच्या हातात, शेजारचीही माणसं गुरं दाव्यातून सोडून घेऊन मागोमाग, अशी आमची वरात ओढा ओलांडून देवळात पोचली.

बायका पाळणा म्हणत असतानाच मोठा गडगडाट झाला. समोरचा उतार झाडांसकट घसरला आणि आमचं घर मातीखाली गेलं. मी एकेकाचा चेहरा पाहिला. सगळे होते. बाळ तर शांत झोपलेलं.

सुनीता रडता रडता हसली. “आई, नाव ठेवायचं राहिलंय ना!”

नाव शहरी ठरलं होतं. आत्यानं मात्र बाळाच्या कानात ‘म्हाळसा’ म्हटलं आणि सगळं देऊळ टाळ्यांनी दणाणलं. त्या बाईही आमच्या पंगतीला जेवल्या, बाळाला भंडारा लावून आपल्या वाटेनं गेल्या.

आता आम्ही ओढ्याच्या अलीकडे, देवळाच्या बाजूला नव्या घरात राहतो. मनाविरुद्ध काही घडलं की मी पूर्वीसारखी देवाशी भांडत नाही. त्याच्या हातात सोपवते, आणि नुकत्याच चालायला लागलेल्या म्हाळसेच्या मागे धावत सुटते.