दुपट्ट्याखालचा हात

सिहोऱ्याच्या बाजारात मी आणि माझा मित्र बैलांचे सौदे करायचो. भाव तोंडाने बोलायचा नाही. दुपट्ट्याखाली बोटं दाबून सांगायचा, आणि पटला की अख्खा पंजा आवळायचा. एकदा त्याने माझ्या गिऱ्हाइकाला सांगून टाकलं, "हा बैल धानाच्या रोवणीच्या चिखलात बसते." सौदा मोडला. मी भर बाजारात त्याला शिव्या दिल्या आणि बोलणं तोडलं.

ऐंशी सालच्या सुमारास तुमसरच्या टॉकीजमध्ये घोडेस्वारांचा लांबलचक इंग्रजी सिनेमा लागला. मी दुपारच्या खेळाला गेलो, तर हाच मित्र माझ्या शेजारी येऊन बसला. भाषा दोघांनाही कळत नव्हती, पण पडद्यावरचं कळत होतं. जन्मभर सोबत गुरं हाकलेल्या दोघांपैकी एक नदीकाठी मरत होता आणि दुसरा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

तेवढ्यात दुपट्टा माझ्या हातावर पडला आणि त्याखाली त्याने माझा पंजा आवळला.

"अजून किती दिवस फुगून राहशीन बे?"

"पहिले म्हन, माहा बैल चांगला होता."

"ते नाही म्हनत. बसतेच तो."

मी हात झटकला आणि सिनेमा अर्धा सोडून बाहेर पडलो.

त्याच पावसाळ्यात बांधावर त्याला साप चावला. मला कळलं तेव्हा लोक त्याला जाळून परतले होते. आमचा अबोला होता म्हणून कुणी निरोपही धाडला नाही, याचा राग मी वर्षानुवर्षं धरला. तो राग सोयीचा होता. बैल चिखलात बसतो, हे मला त्याच्याआधीपासून ठाऊक होतं.