मावशी, पोपट आणि एकुलतं एक बेअरिंग

मावशी उकळत्या तेलात हात घालते आणि तिला काहीसुद्धा होत नाही, असं गल्लीत सगळे छातीठोकपणे सांगायचे. साफ खोटं. मावशीला चहासुद्धा निवल्याशिवाय पिता येत नाही. बशीत ओतून तीनदा फुंकर मारते आणि तरी "मेले गं, जीभ गेली माझी" म्हणून कोकलते. तेलात जातो तो तारेचा आकडा, हातात असतात कोपरापर्यंतचे जाड मोजे, आणि ते तेल उकळतही नसतं. तीस वर्षं ती पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपात फिटर आहे, एवढाच काय तो चमत्कार.

तिच्या भाचीला सगळे पोपट म्हणतात, कारण ती येणाऱ्याजाणाऱ्याची नक्कल करते. त्या दिवशी ती मावशीचा डबा घेऊन वर्कशॉपात गेली, तर मालकांचा चेहरा एवढासा झालेला. टाकीवर पाणी चढवणारा पंप दोन दिवस बंद होता आणि अख्खी वस्ती बादल्या घेऊन ताटकळत होती. त्याचं बेअरिंग झिजलं होतं आणि नवं मिळालं होतं एकच. त्याचं भोक शाफ्टपेक्षा, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यापेक्षा, केसभर लहान. मुद्दामच तसं, म्हणजे बसल्यावर हलायला नको. पण अर्ध्यात अडकलं तर कापूनच काढायचं, आणि दुसरं यायला आठवडा.

मावशीने तेलाच्या पातेल्यात जाळीवर बेअरिंग ठेवलं आणि शेगडी पेटवली.

"अगं, तापवतेस काय?" पोपट म्हणाली. "तापलं की लोखंड फुगतं. म्हणजे आतल्या बाजूलाही फुगणार आणि भोक आणखी बारीक होणार!"

"मोठं होतं भोक."

"पैज?"

"लाव की. हरलीस तर महिनाभर माझी नक्कल बंद. बोलून नाही, हातवारे करून नाही, लिहूनसुद्धा नाही. जिंकलीस तर चौकात उभी राहून मी तुझी नक्कल करीन."

पोपटला आत्ताच चौक दिसायला लागला.

तापमापकाचा काटा एकशेदहावर गेला तसे मालक उडालेच. "झालं की! काढा, काढा!"

"काटा तेलात आहे, साहेब. बेअरिंगच्या पोटात नाही," मावशी म्हणाली. "तेलाचा ताप वरून आत झिरपत जातो. त्याला वेळ नको? घाई कसली, आंऽऽ?"

"लोक मला खातील हो!"

"खाऊ देत. आधी हे शिजू दे."

वीस मिनिटं गेली. मालकांच्या येरझाऱ्यांची नक्कल करायचंही पोपटला सुचेना. मग मावशीने आकड्याने बेअरिंग उचललं, मोज्यांच्या हातात घेतलं, उभ्या शाफ्टवर नेमकं धरलं आणि सोडलं. हातोडी बाजूला पडूनच राहिली. सैल बांगडी मनगटातून उतरावी तसं ते सर्रकन तळाला जाऊन टेकलं. मावशीने वरून दाबून धरलं, दहा अंक मोजले.

"फिरवा बघू आता."

मालकांनी जाड मोजे चढवून दोन्ही हातांनी जोर लावला, दात आवळले, लालबुंद झाले. बेअरिंगची आतली कडी तसूभर हलली नाही. जणू शाफ्टलाच ती उगवली होती.

पोपटने शाफ्टला बोट लावलं. मघाशी गारढोण होता, आता बेअरिंगच्या जवळ चांगला कोमट लागत होता. बेअरिंगचा ताप त्यात उतरला होता, आणि ताप गेल्यावर बेअरिंग आवळून बसलं होतं. ना खिळा, ना डिंक.

"पण भोक मोठं कसं झालं गं?"

"फोनवरचा फोटो मोठा करतेस ना? घर मोठं होतं, तेव्हा त्याचं दार बारीक होतं का?"

पोपटने फोनवर घराचा एक फोटो ताणून बघितला; दारही मोठं झालं.

संध्याकाळी नळांना पाणी आलं. गल्लीने पोपटला घेरलं. "मालक काय म्हणाले? मावशी काय म्हणाली? करून दाखव ना!" पोपटने मालक झकास केले, अगदी लालबुंद होईपर्यंत. मावशीची पाळी आली तेव्हा ओठ मिटून उभी राहिली. ओट्यावर मावशी बशीतल्या चहावर फुंकर मारत मजा बघत होती.

महिना काल संपला. म्हणून हे आज लिहिता आलं.