उलटी मांजरं

कुपवाडला घरीच मी शिवणक्लास घेते. सासूबाईंनी नातीच्या डब्यासाठी हसऱ्या मांजरांच्या कापडाची पिशवी शिवली. पुढची मांजरं सरळ, मागची डोक्यावर उभी! क्लासच्या मुलींना ती दाखवून मी खदाखदा हसले, वर अक्कलही पाजळली, "छाप बघून कापड कापायचं असतं." सासूबाई दारातच होत्या. त्यांनी पिशवी नेली, तळाशी कापली आणि मागची बाजू फिरवून पुन्हा शिवली.

आठवड्यात तळाची शिवण उसवली, डबा रस्त्यावर सांडला. त्या एवढंच म्हणाल्या, "तळाला शिवण नसली की पिशवी लय टिकती गं. म्हनून अख्खं कापड दुमडलं हुतं."

मुलींना हे मी अजून सांगितलेलं नाही.