राघूचा खोकला

पिकल्या पेरूचा वास आला की आजही मला आमच्या डोंबिवलीच्या गॅलरीतली दुपार आठवते: उतरत्या उन्हात हुकाला टांगलेला पिंजरा, खाली सांडलेली भिजवलेली हरभऱ्याची डाळ, आणि राघूच्या वाटीत पाणी ओतताना लाडाने "पाणी पी, पाणी पी रे" म्हणणारी आई. ऐंशीच्या दशकातले ते दिवस. माझे वडील, अण्णा, कारखान्यात आणि मी ठाण्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला. संध्याकाळपर्यंत घरात आई आणि राघू दोघंच असत.

राघू बोलायचा भरपूर, पण त्याला त्यातलं काही कळतं असं मला कधी वाटलं नाही. पोपट नुसती नक्कल करतो, हे मी वर्गात ठणकावून सांगत असे. शिकलेली होते ना मी.

त्या माघात कल्याणचे पाहुणे मला बघायला आले. पोहे झाले, प्रश्न झाले, आणि तेवढ्यात गॅलरीतून खोकला ऐकू आला. खोल, ओला, दम लागलेला, बाईमाणसाचा. पाहुण्यांनी चमकून माना वळवल्या. आई हसत म्हणाली, "आमचा राघू हो. शेजारच्या आजींचा उचललाय मेल्याने." सगळे हसले. मीही हसले आणि कौतुकाने त्याला पेरूची फोड दिली. शेजारच्या आजी कधी खोकत नसत, हे मला ठाऊक होतं. पण सोयीची गोष्ट कोण खोदून विचारतं? वैशाखात लग्न लागलं.

श्रावणात आई गेली. छातीचं दुखणं जुनं आहे, वेळेवर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मुलीच्या घरात क्षय आहे असं कळलं तर सोयरीक मोडेल, या धास्तीने तिने आमच्यादेखत खोकला गिळला होता, आणि दुपारी घर रिकामं झालं की तेवढा तो मोकळा सोडला होता. माझ्यासाठी. हे मला अजून सहन होत नाही.

तेरावं झाल्यावर एका दुपारी उदबत्तीच्या धुराने अण्णांना ठसका लागला, आणि पिंजऱ्यातून आईचा आवाज आला, "पाणी पी." अण्णांनी पिंजऱ्याकडे पाहिलं. पुन्हा खोकले, पुन्हा तोच आवाज. त्यांनी तांब्या तोंडाला लावला तेव्हाच राघू गप्प झाला. आई ते शब्द त्याची वाटी भरताना म्हणे. खोकणाऱ्याला ते म्हणायचे, त्याने पाणी पिईपर्यंत म्हणत राहायचे, हे त्याला कोणीही शिकवलं नव्हतं. तिच्याकडे बघत बघत, त्या लांबलचक दुपारींमध्ये, ते त्याचं त्यानेच जुळवलं होतं. म्हणजे तिला पाणी पी म्हणणारं घरात कोणीतरी होतं, आणि ते मी नव्हते.

पुढे अण्णांनी राघूला माझ्या सासरी कल्याणला पाठवलं. घरी कोणी नसलं आणि आईची फार आठवण आली की मी पिंजऱ्याजवळ बसून मुद्दाम खोकत असे. तो मान तिरकी करून एका डोळ्याने माझ्याकडे बराच वेळ बघत राही. मी पुन्हा खोटंच खोकत असे. तो डाळ टिपायला वळे.